जोशुआ ट्रीची 'स्वस्त जमीन': खुलासा

'जोशुआ ट्रीजवळ वाळवंटात एकर घ्या, ट्रेलर उभा करा, टँकरने पाणी आणा आणि पर्यटकांना भाड्याने द्या, परवाना लागत नाही' असा मेसेज कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

जोशुआ ट्री गाव सॅन बर्नार्डिनो काउंटीत (जिल्ह्यात) येतं आणि काउंटीच्या हद्दीत अल्पकालीन भाड्याला परवाना लागतो. तो कायदेशीर राहत्या घरालाच मिळतो. ट्रेलर, तंबू त्यात बसत नाहीत. ट्वेंटीनाइन पाम्स आणि युका व्हॅली या शेजारच्या गावांचे नियम आणखी वेगळे.

मग नवं घर बांधू म्हणाल, तर खरी गोम पाण्याची. २०१६ च्या राज्य कायद्यानुसार टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या नव्या घराला बांधकाम परवानगीच मिळत नाही. नळजोड किंवा चालू विहीर हवी, आणि तिथे बोअर खोल जाते. सांडपाण्याला सेप्टिक टाकी. विजेचा खांब प्लॉटपासून लांब असेल तर तार ओढण्याचा खर्च जमिनीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. जमीन उगाच स्वस्त नाही!

प्लॉटवर जोशुआ वृक्ष असतील तर २०२३ च्या राज्य कायद्यानुसार ते परवानगीविना तोडता येत नाहीत. इसार देण्याआधी पार्सल क्रमांक (प्लॉटचा सरकारी नोंदीतला क्रमांक) घेऊन काउंटीच्या नियोजन खात्यात चौकशी करा.