खुलासा : अमेरिकेत नवजात बाळांची टाचेची तपासणी बंद झालेली नाही

‘अमेरिकन सरकारने तज्ज्ञ समिती बरखास्त केली, आता बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन होणारी तपासणी बंद’ असा मेसेज तिकडच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. आनुवंशिक आजारांवर सल्ला देणारी केंद्रीय समिती एप्रिल २०२५ मध्ये खरोखरच बंद केली गेली. पण तपासणी ती समिती करतच नव्हती.

समितीचं काम सल्ल्यापुरतं होतं. एखादा आजार नवजात बाळांच्या तपासणीच्या केंद्रीय यादीत घ्यायचा का, चाचणी भरवशाची आहे का, लवकर कळल्याने बाळाचा खरंच फायदा होतो का, हे पुरावे तपासून ती आरोग्यमंत्र्यांकडे शिफारस करायची. मंत्र्यांनी मान्य केलं तरी प्रत्यक्षात चाचणी सुरू करायची की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवतं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार २०१८ मध्ये यादीत आला, पण सगळ्या राज्यांत पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली.

म्हणजे जन्मानंतर साधारण २४ ते ४८ तासांत टाचेला टोचून गाळणकागदावर घेतले जाणारे थेंब आजही राज्याच्या प्रयोगशाळेत जातात. काही राज्यांत आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा नमुनाही घेतात. तो चुकवू नका.

फटका बसला तो नव्या आजारांना. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचा प्रस्ताव तेव्हा समितीपुढेच होता; तो आजार पुढे डिसेंबर २०२५ मध्ये यादीत आला. काळजी करायचीच तर अशा नव्या आजारांची करा.

आणि हो, फेरतपासणीसाठी फोन आला म्हणजे आजार झालाच, असं नाही.