"चार दिवसांचं काम" : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मतभेदाला माझी ना नाही, पण "गुगलवरचं ज्ञान पाजळू नका" ही कुठली भाषा? मी पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार दोमेनिको वेनेत्सियानोच्या 'संत झेनोबियसचा चमत्कार' या चित्रावर लिहिलं होतं. तुम्ही माझ्यावर लिहिलंत.

एक चूक मान्य. माझा लेख वाचून हे चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे असं वाटतं. तिथे आहे तो सांता लुचिया देई मान्योली चर्चच्या वेदीचित्राचा मुख्य फलक. त्याच्या तळाच्या पट्टीचे, म्हणजे प्रेडेलाचे, पाच तुकडे विखुरले: दोन वॉशिंग्टनला, एक बर्लिनला, दोन केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात. हे चित्र त्या दोनांपैकी. मजकूर दुरुस्त केला आहे.

आता तुमचं ते वाक्य: "फूटभर फळी, चार दिवसांचं काम, त्याचं एवढं कौतुक?"

फळी २८.६ बाय ३२.५ सें.मी., कबूल. पण काळ १४४५च्या आसपासचा आणि रंग अंड्याच्या बलकात कालवलेला, म्हणजे टेम्परा. त्या काळची रीत चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४००च्या सुमारास लिहून ठेवली आहे. पॉप्लरच्या फळीला आधी सरस पाजायचा, त्यावर लिननचं कापड, मग जाड जिप्समचा थर. वरच्या थरांसाठी लागणारं बारीक जिप्सम महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायचं. नाही ढवळलं तर ते घट्ट बसतं. ते सरसात कालवून आठ हात द्यायचे. मिश्रण उकळू दिलंत की बुडबुडे येतात आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. वरच्या थरात सरस खालच्यापेक्षा कडक झाला तर तडे जातात. शेवटी कोळशाची पूड फासून पृष्ठभाग खरवडायचा. काळं उरलं तिथे खोलगट. चार दिवस तुम्ही कुठून मोजलेत?

मग रंग. बलकाची पिशवी फोडून आतला बलक तेवढा घ्यायचा, पाण्यात वाटलेल्या रंगात साधारण बरोबरीने मिसळायचा. कमी पडला तर रंग बोटाला पुडीसारखा लागतो, जास्त झाला तर पोपडे सुटतात. चेन्निनी तर तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचा फिका बलक आणि म्हाताऱ्याच्या सावळ्या चेहऱ्याला गावठी कोंबडीचा लालसर बलक घ्यायला सांगतो! हा रंग बघता बघता सुकतो, तेलरंगासारखा ओल्यात ओला मिसळत नाही. म्हणून छटा उभी करायची ती केसाएवढ्या रेघा शेजारी शेजारी ओढून, थरावर थर. फळी लहान म्हणजे चेहरे लहान. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत गाल, ओठ, सावली सगळं बसवायचं. आकार कमी झाला म्हणून कष्ट कमी होत नाहीत, उलट चूक झाकायला जागा राहत नाही. टेम्पराच्या फळ्या मी वीस वर्षं स्वतः तयार करतो आहे, त्यामुळे गुगलचा टोमणा मला लावू नका.

राहिला चित्रातल्या आईवरचा तुमचा "नाटकी बाई" हा शेरा. मुलाला झेनोबियसकडे सोपवून ती रोमच्या यात्रेला गेली आणि परतली तेव्हा मूल मेलेलं. केस मोकळे, हात फेकलेले, तोंड उघडं. संत शेजारी गुडघ्यावर प्रार्थना करतो आहे आणि मूल अजून उठलेलं नाही. त्या क्षणी ती बाई आणखी काय करेल, तुम्हीच सांगा.

"श्रद्धेचा बाजार" वगैरेवर मी बोलणार नाही. तो विषय लेखात नव्हताच.