पिस्तूल फेकलं ते शक्ती मिळण्याआधी

'स्टॅटिक शॉक' या सुपरहिरोच्या अ‍ॅनिमेशन मालिकेवर एक लेख वाचला. तिचा नायक व्हर्जिल हॉकिन्स याला शक्ती निव्वळ अपघाताने मिळाली, म्हणून तिची मूळकथा कच्ची आहे, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २००० सालच्या त्या पहिल्या भागात, ज्या वायूमुळे त्याला शक्ती मिळते तो पसरण्याआधीच, खरी गोष्ट घडून गेलेली असते. दांडगट पोराच्या तावडीतून सोडवल्याच्या बदल्यात वेड (Wade) नावाचा टोळीवाला व्हर्जिलला गोदीवरच्या टोळीयुद्धात ओढतो, हातात पिस्तूल देतो, आणि हा पोरगा ते पाण्यात फेकून देतो. अंगात वीज यायच्या आधी! त्याची आई दंगलीत गोळी लागून गेलेली आहे, हे लक्षात घेतलं की त्या फेकण्याचं वजन कळतं.

आईचा मृत्यू ही तर मालिकेने घातलेली भर. मूळ कॉमिकमध्ये ती जिवंत आहे, आणि एवढ्या मोठ्या बदलाचा लेखात उल्लेखही नाही. नायकाच्या आईवडिलांना मारून कथा सुरू करायची ती ठरावीक युक्ती एरवी मला आवडत नाही. इथे मात्र ती पटते, कारण वडील घरात आहेत, रागावतात, काळजी करतात, आणि व्हर्जिल सूड घ्यायला निघत नाही.