हेत्वारोपाची सोय

इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला तो सुधारून पुन्हा काढण्यात आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत समाजमाध्यमांवर या विषयाचा जो धुरळा उडाला, त्यात मीही माझ्या परीने लिहीत होतो आणि इतरांचे वाचत होतो. आता वातावरण निवळले आहे, म्हणून हिंदी असावी की नसावी यापेक्षा आपण तो वाद मुद्दे सोडून एकमेकांच्या हेतूंवर बोट ठेवत कसा घातला याविषयी सविस्तर लिहितो आहे. पोस्ट लांबली आहे, याची कल्पना आधीच देऊन ठेवतो.

त्या वादात विचारण्यासारखे प्रश्न भरपूर होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्रिभाषा सूत्र, म्हणजे शाळेत तीन भाषा शिकवण्याचे तत्त्व, आहे, पण कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही असेही त्यातच म्हटले आहे. मग अनिवार्यता आली कुठून? मराठी माध्यमाच्या शाळांत हिंदी पाचवीपासून शिकवली जातच होती. ती चार वर्षे अलीकडे आणण्याची शैक्षणिक गरज कोणी मांडली होती? उलट बाजूलाही दखल घेण्यासारखे मुद्दे होते. लहान वयात भाषा लवकर येते, शहरांतल्या मुलांच्या कानावर हिंदी पडतेच, आणि इंग्रजी पहिलीपासून चालते तर एका भारतीय भाषेनेच मुलांवर ओझे कसे पडते, असे विचारणारे सगळेच काही अविचारी नव्हते. कानावर पडून बोलता येणारी भाषा आणि वर्गात बसून वाचायला-लिहायला शिकण्याची भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावर माझे उत्तर होते आणि आजही आहे.

प्रत्यक्षात मात्र या प्रश्नोत्तरांपर्यंत फारच थोडे लोक पोहोचले. विरोध करणाऱ्याला पहिल्या दोन-तीन प्रतिक्रियांतच विचारले जाई, “तुमची मुले कोणत्या शाळेत आहेत?” किंवा “महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्यावरच मराठी आठवते का?” समर्थन करणारा दिल्लीची चाकरी करणारा ठरे, आणि दोन्ही बाजूंचे थोडे पटते असे म्हणणाऱ्याची गत सर्वांत वाईट होई, कारण तो ताकाला जाऊन भांडे लपवतो आहे याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत असे. मी स्वतः निर्णयाच्या विरोधात होतो. तरीही माझ्याच बाजूच्या अनेकांनी समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत न वाचताच त्याचा पक्ष, त्याची जात आणि त्याचे पोट कशावर चालते हे ठरवून टाकलेले मी पाहिले, आणि त्याने आमच्या बाजूचे बळ वाढले असे मला वाटत नाही.

एक उदाहरण देतो. १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ हा शब्द नव्हता. त्याऐवजी हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील आणि हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास त्या इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवली पाहिजे, अशी तरतूद होती. आता ज्यांचा सगळ्या इयत्ता मिळून एकूण पटच २० पर्यंत जात नाही अशा शाळा आपल्या राज्यात हजारोंनी आहेत. तिथे एका इयत्तेत २० इच्छुक कोठून आणायचे? म्हणजे अशा शाळांपुरता पर्याय कागदावर होता आणि व्यवहारात अनिवार्यता होती. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात; हे दोघे सगळे विषय सांभाळून तिसरी भाषा कोणत्या तासाला आणि कोणत्या प्रशिक्षणाच्या बळावर शिकवणार होते, हाही प्रश्न त्याच कागदातून निघतो. हा आक्षेप घ्यायला मुख्यमंत्र्यांच्या मनात काय आहे हे ओळखण्याची मुळीच आवश्यकता नव्हती. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू अगदी निर्मळ होता असे गृहीत धरले तरी २० ची अट त्या शाळांत पुरी होत नव्हती, आणि हेतू कितीही काळा मानला तरी अट जास्त अन्यायकारक होत नव्हती. तरीही निर्णयामागे कट आहे या चर्चेला जेवढे वाचक मिळाले त्याच्या पासंगालाही या अटीची चर्चा पुरली नाही.

याचे कारण, मला वाटते, आळसात आहे. शासन निर्णय उघडून वाचायचा, कोणत्या कलमाचा कोणत्या शाळेवर काय परिणाम होईल याचा विचार करायचा आणि मग लिहायचे, याला वेळ लागतो. समोरच्याचा हेतू मात्र त्याच्या आडनावावरून, प्रोफाइलवरच्या फोटोवरून किंवा दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या पोस्टवरून घटकाभरात सिद्ध करता येतो. सुतावरून स्वर्ग गाठायला मराठी माणसाला मुळात आवडतेच. शिवाय या आरोपाची आणखी एक सोय अशी की तो खोडून काढता येत नाही. माझा मुद्दा चुकीचा आहे असे कोणी म्हटले तर मी कागद दाखवू शकतो. माझ्या मनात वेगळेच काही आहे असे म्हटले तर मी काय दाखवणार? नाकारले तर चोराच्या मनात चांदणे, आणि गप्प बसलो तर कबुली.

‘तेव्हा कुठे होतात?’ हा याच कुळातला प्रश्न. त्याचे मोठ्या पातळीवरचे रूप माशेलकर समितीच्या निमित्ताने दिसले. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने आपल्या अहवालात त्रिभाषा सूत्राचा पुरस्कार केला होता, ही आठवण निर्णय रद्द करताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी करून दिली. ही आठवण अप्रस्तुत नव्हती, कारण सत्तेत असताना एक आणि विरोधात असताना दुसरे बोलणाऱ्या पक्षाला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण या जबाबातून त्या पक्षाची विश्वासार्हता ठरते, सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपेल की नाही हे ठरत नाही. आणि ज्यांनी विरोध केला त्यांत शासनानेच नेमलेली भाषा सल्लागार समितीही होती. तिचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून हा निर्णय मागे घेण्याची विनंती केली होती. निवडणूक न लढवणाऱ्या या समितीला कोणता हेतू चिकटवायचा, हे फारसे कोणाला सुचले नसावे, म्हणून की काय, तिच्या पत्रातल्या मुद्द्यांची चर्चाही फारशी झाली नाही.

हेतू कधीच तपासू नये असे मात्र मी म्हणणार नाही. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते तेव्हा त्याचे आरोपीशी वैर आहे का, जमिनीचा काही वाद आहे का, हे विचारले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण साक्षीदार म्हणतो ते आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मानणार असतो. वकिलाचे तसे नसते. त्याने अशिलाकडून फी घेतली आहे हे न्यायाधीशांना ठाऊक असते, तरी फी घेतली म्हणून त्याचा युक्तिवाद कोणी फेटाळत नाही. तो कायद्याला आणि पुराव्याला धरून आहे की नाही एवढेच पाहिले जाते. सार्वजनिक चर्चेत आपण ही दोन माणसे एकच समजतो, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. “मी तीस वर्षे शिकवतो आहे, मुलांना तीन भाषा सहज येतात, माझ्यावर विश्वास ठेवा,” असे कोणी म्हटले तर तो साक्ष देतो आहे. तो कोण, कुठे शिकवतो, त्याची पाठ्यपुस्तके छापली जाणार आहेत का, हे खुशाल विचारावे. उद्याचे आश्वासन देणाऱ्या मंत्र्याचा हेतूही जरूर तपासावा. पण ज्याने कलम दाखवले, आकडा दाखवला आणि ‘हे तपासून बघा’ म्हटले, त्याच्या हेतूचा शोध घेण्यात तपासणी टाळण्यापलीकडे काहीही साधत नाही.

आपल्या संसदीय नियमांत हा विवेक शब्दांत बांधलेला आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या ३५२ व्या नियमानुसार सदस्याने बोलताना दुसऱ्या सदस्यावर हेत्वारोप करू नये किंवा त्याच्या सद्भावनेविषयी शंका घेऊ नये. मात्र तो हेतूच चर्चेचा विषय असेल किंवा विषयाशी संबंधित असेल आणि त्याचा उल्लेख अत्यावश्यक असेल, तर तेवढी मोकळीक आहे. नियम पाळला किती जातो हे आपण दूरदर्शनवर पाहतोच. पण तो लिहिणाऱ्यांना राजकारणात हेतू असतात हे माहीत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. सगळेच एकमेकांचे हेतू काढत बसले तर विधेयक बाजूला राहते, हे त्यांनी ओळखले होते.

हा रोग समाजमाध्यमांनी आणला असे म्हणणेही मला सोपे उत्तर वाटते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधास संमतीचे वय १० वरून १२ वर नेले, त्या वादात कायद्याचा आग्रह धरणारे बेहरामजी मलबारी हे पारशी, त्यांनी हिंदूंच्या घरात का डोकावावे, हा आक्षेप त्यांच्या मुद्द्यांहून जास्त गाजला. टिळकांचा युक्तिवाद असा होता की परकीय सरकारने कायद्याने समाजसुधारणा करू नये. सनातन्यांची मर्जी सांभाळण्यासाठी ते असे म्हणतात, हा संशय तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. पण त्या युक्तिवादाला खरे उत्तर द्यायचे तर असे विचारावे लागेल की मुळातली १० वर्षांची मर्यादाही १८६० च्या दंडसंहितेत त्याच परकीय सरकारने घातली होती, मग आक्षेप १२ वरच का? टिळकांच्या मनात शिरून हे उत्तर मिळत नाही. दुसरीकडे सुधारणेची बाजू घेणाऱ्या आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. त्यांच्या कोणत्या मुद्द्याचे त्यामुळे खंडन झाले, हे ती काढणाऱ्यांनाही सांगता आले नसते.

भाषेचा विषय आज ना उद्या पुन्हा निघणारच आहे. निर्णय रद्द करतानाच सरकारने डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, म्हणजे हा प्रश्न पुढे ढकलला गेला, मिटला नाही. या पोस्टखाली माझा पक्ष आणि माझ्या मुलांची शाळा यांविषयी अंदाज बांधले जातील, हे मी धरूनच चाललो आहे, आणि मी त्यांना उत्तर देणार नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत तिसऱ्या भाषेचा तास कोणी आणि केव्हा घ्यायचा याचे वेळापत्रक ज्यांच्याजवळ असेल त्यांनी ते जरूर टाकावे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्यांनी लिहिले तर मला ते वाचायचे आहे.