एक स्टार देणाऱ्या ताईंना, नर्सरीकडून

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, फोटोही मोठे करून बघितले. तुमचं म्हणणं असं: जानेवारीत आमच्याकडून नेलेल्या तीन गुलाबांवर पंधरा दिवसांत पांढरी भुकटी आली, म्हणजे आम्ही रोगट रोपं गळ्यात मारली. वर आम्हीच दिलेल्या औषधानं पानं करपली. आणि आता तोच रोग जास्वंदीवर गेलाय.

यातली मधली गोष्ट सरळ आमची चूक. त्या दिवशी मी नर्सरीत नव्हतो. काउंटरवरच्या पोरानं निमतेलाची बाटली आणि गंधकाची पुडी दोन्ही तुमच्या हातात दिली आणि "मारा" एवढंच सांगितलं. औषधं दोन्ही चांगलीच आहेत, पण तेल मारल्यावर निदान दोन आठवडे गंधक मारायचं नसतं, पान भाजतं. त्यात तुम्ही फवारलं रविवारी दुपारी. फेब्रुवारी संपताना सांगलीतलं दुपारचं ऊन कसं असतं ते मी वेगळं सांगायला नको, आणि पारा 32 च्या वर असताना गंधकाला हात लावू नये. कडेनं तपकिरी होऊन कडक झालेली जी पानं फोटोत आहेत, ती भुरीनं (त्या पांढऱ्या भुकटीच्या बुरशीरोगानं) नाही, आमच्या अर्धवट सांगण्यानं गेली.

रोपं रोगट होती का? नव्हती असं छातीठोकपणे सांगणार नाही. भुरीची बुरशी गुलाबाच्या मिटलेल्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या अंकुरात, लपून राहू शकते, वरून पान स्वच्छ दिसतं. पण तुमचा पहिला फोटो बघा: तिन्ही कुंड्या भिंतीला खेटून, एकमेकींत पानं अडकलेली, वर ओल्या कपड्यांची दोरी. भुरीला याहून काय हवं? पानावर पाणी साचलं की बुरशी येते असं आपण धरून चालतो, पण भुरीचं तसं नाही. दिवसा कोरडं, रात्री गार आणि दमट, वारा नाही, एवढ्यावर ती भागवते. तासगावकडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, डावणीसाठी (द्राक्षावरचा दुसरा बुरशीरोग) तो पावसाकडं बघतो, भुरीसाठी वेलीच्या दाटलेल्या पानोऱ्याकडं. कोवळं पान वळतं, जरा लालसर होतं, आणि कळीच्या देठावर पीठ चाळल्यासारखा थर येतो. बोट फिरवलं तर पुसला जातो. तुमच्या गुलाबावर आहे ती भुरीच, यात वाद नाही.

जास्वंदीचं मात्र वेगळं आहे. गुलाबाची भुरी जास्वंदीवर जात नाही, द्राक्षाची गुलाबावर येत नाही, प्रत्येकीची बुरशी वेगळी. तुमच्या तिसऱ्या फोटोत फांदीच्या बेचक्यात कापसाचे पुंजके आहेत आणि मुंग्यांची रांग लागलीय. तो पिठ्या ढेकूण. काडीनं टोचून बघा, आत किडा सापडेल. तिथं गंधक मारून उपयोग नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुंजके पुसा, मग निमतेल. (पांढरं दिसलं की भुरी, असं सगळ्यांचंच होतं. मागं एक काका रबर प्लांट घेऊन आले होते, ते बोअरच्या पाण्याचे क्षार निघाले. लिंबू पिळलेल्या पाण्याच्या फडक्यानं गेले.)

आता गुलाबांचं. भुरी आलेले शेंडे कापून कचऱ्यात टाका, खतात नको. करपलेली सगळी पानं ओरबाडू नका, जी थोडी हिरवी आहेत ती राहू देत. कुंड्या हातभर अंतरानं आणि सकाळचं ऊन लागेल तिथं. युरिया घालत असाल तर थांबवा, त्यानं लुसलुशीत फूट येते आणि भुरी आधी तिच्यावरच बसते. नव्या फुटीवर परत पांढरं दिसलं तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा सकाळी. वास येतो, पण सुरुवातीलाच धरलं तर गुण येतो. तरी आटोक्यात नाही आलं तर गंधक: लिटरला 2 ग्रॅम, अगदी सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी, आणि तेल मारून दोन आठवडे झाले असतील तरच. जुन्या पानावरचे डाग जाणार नाहीत, नवी फूट स्वच्छ आली की जमलं समजायचं.

औषधाचे पैसे परत घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल. गुलाब महिनाभरात फुटले नाहीत तर तिन्ही बदलून देतो. पोराला बोललोय, आणि निमतेलाच्या प्रत्येक बाटलीला आता गंधकाबद्दलची चिठ्ठी बांधलीय. स्टार तुम्हाला वाटेल तेव्हा बदला, नाही बदलला तरी राग नाही.

फक्त एक, जास्वंदीची फांदी दाखवायला आणाल तर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणा. माझ्याकडं शेडमध्ये दीडशे जास्वंदी उभ्या आहेत.