पेटवा अजून, आणि मग कर्ब कुठं गेला म्हणून विचारा

परत पेटवलं. भर दुपारी, वारं सुटलेलं असताना. शेजारच्या तात्यांच्या उसाची तोड झाली, टोळी पुढच्या फडात गेली, शेंड्याची हिरवी वाढी जनावरांना गेली आणि उरलेल्या पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याला, तात्यांनी काडी लावली. आग बांध ओलांडून माझ्या खोडव्यात, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात. सरीत दाबलेलं पाचट गेलं, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या, बोटभर वर आलेले फुटवे शिजून आडवे झाले. ओली पोती मारून विझवेपर्यंत अर्धा एकर काळा.

आणि तात्या म्हणतात काय, "वारं फिरलं बाबा, त्याला मी काय करणार?"

अहो, कृष्णाकाठाला जन्म गेला तुमचा! दुपारचं वारं फिरतं हे तुम्हाला मी सांगायचं?

नळ्यांचं मरू दे, त्या दुकानात मिळतात. पाचटाचं काय? एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात कर्ब, म्हणजे जमिनीचा कस ज्यावर टिकतो तो कार्बन, चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एकरात सव्वा ते दीड टन कर्ब फुकटात पडलेला असतो. ना भाडं, ना हमाली. तो अर्ध्या तासात आभाळात घालवायचा! आता उलटा हिशोब करा. एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन धरा नऊ लाख किलो. कर्ब नुसता 0.1 टक्क्यानं वाढवायचा म्हटलं तरी 900 किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. टाकून भागत नाही, टिकला पाहिजे. कुजताना त्यातला बराचसा हवेतच जातो, पाचवा हिस्सा राहिला तरी देव पावला म्हणायचं. म्हणजे एक-दशांश टक्क्यासाठी तीन-चार वर्षांचं पाचट, तेही जुना कर्ब कमी झाला नाही तर! आमच्या मातीचा कर्ब 0.38 टक्क्यांवरून 0.6 च्या वर न्यायला किती वर्षं गेली ते माझं मला माहीत. आणि ह्यांना एक काडीपेटी पुरते.

जाळायची कारणं तर ठरलेली. पाचटात उंदीर होतात, साप होतात. पाणी पुढं सरकत नाही. खोडवा फुटत नाही. अहो, बुडख्यावरचं पाचट बाजूला ओढून सरीत घाला, बुडखे जमिनीलगत छाटा, मग बघा फुटतो का नाही. पाणी सावकाश सरकतं हे खरं. पण खालची ओल धरून राहते, पाण्याची पाळी लांबते, हे का नाही सांगत कुणाला?

"पाचट ठेवलं की ऊस पिवळा पडतो" हे आणखी एक. पडणारच! पाचटात नत्र, म्हणजे नायट्रोजन, जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवायला जिवाणू मातीतलं नत्र ओढणार, उसाला काय राहणार? म्हणून तर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू संवर्धक टाकायला सांगतात. एकराला युरियाचं एक पोतंही पुरं लागत नाही. पण तेवढं करायचं नाही, आणि पिवळा पडला की खापर पाचटावर.

"राखेत पोटॅश असतंय की," हे तर शिकलेली पोरं सांगतात. असतं. थोडं स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही असतं. नत्र आणि कर्ब मात्र धुराबरोबर गेला, आणि राख पहिल्या वाऱ्याला तुमच्या रानातून दुसऱ्याच्या रानात. माझ्याच रानात येत असेल, वर उपकार म्हणून सांगतील.

खरी चीड पुढंच आहे. हेच तात्या मातीचा रिपोर्ट घेऊन माझ्या पडवीत येतात. सेंद्रिय कर्ब 0.29. "जमिनीचा कसच गेला बघ, युरिया कितीबी टाक, उठतच नाही." आणि मग दुकानातून चकचकीत पोती आणतात, वर हिरवं पान छापलेलं. आत काय आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसावं. भाव विचारला तर डोळे पांढरे होतात. स्वतःच्या रानातलं जाळायचं आणि दुसऱ्याचं विकत आणायचं! वरनं दर हंगामाला रोटाव्हेटर, माती पिठासारखी झाल्याशिवाय समाधानच नाही. उरलासुरला कर्ब त्या उकरण्यात उडतो. शेणखत म्हणाल तर गोठ्यात जनावरं किती राहिलीत ते बघा, मग बोला.

मध्यंतरी मातीत कर्ब साठवल्याबद्दल कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणणारे दोघे गावात येऊन गेले. सातबारा मागितला, आधार मागितलं, अंगठे घेतले. पाचट जाळता का, हे एकदाही विचारलं नाही. तात्यांनी पहिली सही केली!

कारखान्याच्या माणसाला म्हटलं, तोड झाली की पाचट जाळणाऱ्याला काहीतरी चाप लावा. तर म्हणे, तोडीआधी ऊस पेटला तर वजनात कपात आहे, नंतरचं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे साखरेला धक्का लागला तर दंड, मातीचं कुणाला सोयरसुतक नाही. पाचटाची कुट्टी करायला, म्हणजे बारीक तुकडे करायला, ट्रॅक्टरवरचं यंत्र भाड्यानं मिळतं, तात्यांना दोनदा नंबर दिला. फोन केला का? काडीला भाडं लागत नाही ना.

संध्याकाळी भावकीतले चौघे बसले. नळ्यांचे पैसे तात्या देणार म्हणून ठरलं, त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, पाचटाचे पण धरा. सगळे हसले. एकजण म्हणाला, "पाचटाचं कोण पैसं मागतंय व्हय? आमच्यातलं घिऊन जा की, उद्या पेटवायचंच हाय."

सकाळी ट्रॉली लावतोय. बघू देतात का.