कोरडा दिवस पाळायला आधी नळ लागतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुम्ही निवृत्त शिक्षक असल्याचं लिहिलंय, म्हणून सरच म्हणते. श्रीमंत आणि गरीब वस्त्यांमधल्या आरोग्याच्या दरीवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही चांगलंच तासलंय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे. वस्तीला, पगाराला, सरकारला दोष देऊन मी माणसाला त्याच्या जबाबदारीतून मोकळं करते. खर्रा (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला हा प्रकार इथे पावलोपावली ठेल्यावर मिळतो) खायला कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. तुमचे वडील इथल्या, म्हणजे नागपूरच्या, एम्प्रेस मिलमध्ये होते, दोन खोल्यांत सहा माणसं राहायची, तरी शिस्तीमुळे सगळी धडधाकट राहिली. आणि पालिकेला पैसा खर्चायचाच असेल तर तो जनजागृतीवर खर्चावा, लोकांचे लाड करू नयेत. शिवाय तंबाखूवर कर वाढवला तर फटका गरिबालाच बसतो.

जनजागृतीपासून सुरुवात करते, कारण तिला कोणाचाच विरोध नसतो.

पावसाळा लागला की आपल्याकडे डेंग्यूची तपासणी करणारे घरोघर येतात. कूलरची टाकी बघतात, कुंड्या बघतात, गच्चीवरचे टायर बघतात आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगतात. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी पाणी फेकलं की पुढची पिढी संपली. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातल्या घरी हे पाच मिनिटांचं काम आहे, कारण नळ उघडला की टाकी पुन्हा भरते. पण शहराच्या कडेला जे ले-आउट (प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्या) अजून टँकरवर आहेत, तिथल्या बाईचा ड्रम म्हणजे तिचं पुढच्या टँकरपर्यंतचं पाणी. तो ती कशी ओतेल? ती त्यावर फळी ठेवते, फडकं बांधते. डास कुठे होतात हे तिला पुरतं ठाऊक असतं. तेच पत्रक, तोच आवाज, तोच भोंगा, आणि फायदा झाला तो ज्याच्या घरी नळ आहे त्याला. म्हणजे निव्वळ जनजागृतीने दरी कमी तर झाली नाहीच, उलट थोडी रुंदावली.

हे माझ्या मनाचं नाही. ब्राझीलच्या सेझार व्हिक्टोरा यांनी २००० साली बालआरोग्याच्या आकडेवारीवरून हेच मांडलं होतं: आरोग्याचा कुठलाही नवा उपक्रम आधी ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यापर्यंत पोचतो, त्यामुळे सुरुवातीला विषमता वाढते. गरिबांपर्यंत तो नंतर झिरपतो, तोही कोणी मुद्दाम नेला तर.

आता जबाबदारी. ती मी नाकारत नाही. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ओटावा इथल्या परिषदेत जो जाहीरनामा झाला, त्यात आरोग्य संवर्धनाची पाच कामं सांगितली आहेत: धोरणं आरोग्याला धरून असावीत, परिसर पोषक असावा, लोकांनी एकत्र येऊन स्वतः काही करण्याची ताकद वाढावी, व्यक्तीला माहिती आणि कौशल्यं मिळावीत, आणि दवाखान्यांनी नुसत्या उपचारापलीकडे बघावं. तुमचा सगळा भर चौथ्यावर आहे. ते हवंच. पण उरलेली चार सोडून तेवढंच करायचं म्हटलं तर माझा वाद आहे.

खर्र्याचंच घ्या. कळमना मार्केटमध्ये पोती उचलणाऱ्या एका माणसाशी बोलत होते. तोंड कमी उघडायला लागलंय हे त्याचं त्यालाच कळलं होतं, तंबाखूच्या पुडीवर इशाऱ्याचं चित्र असतं तेही माहीत होतं. म्हणाला, "खर्रा नसला तं दुपारच निंगत नाही जी." निकोटीन भूक मारतं आणि झोप उडवतं. ज्याची मजुरी पोत्यांवर मोजली जाते त्याच्यासाठी ते व्यसन तर आहेच, वर कामाचं हत्यारही आहे. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. हे ज्ञान त्याच्यापर्यंत पोचवायला मी कधीही तयार आहे. पण त्याला सोडायचं असेल तर सोडवायला मदत करणारं माणूस कुठे आहे? धंतोली-रामदासपेठेत खासगी दवाखान्याला दवाखाना लागून आहे. सरकारी ओपीडी सकाळची, म्हणजे गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा ही गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते. त्यांनी ते खाणकामगारांच्या गावात बसून लिहिलं होतं, पण कळमन्यात उभं राहून वाचलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्यानंतर काय झालं हे तुम्हाला मी काय सांगावं, तुम्ही रोज ठेल्यांवरून जाता.

'गरिबांच्या सवयीच वाईट' हा तुमचा सूर मात्र मला मान्य नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात भुकेकंगाल कोणीच नव्हतं. सगळे पक्क्या नोकरीतले, उपचार मोफत. तरी सर्वात खालच्या श्रेणीतल्यांचं मृत्यूचं प्रमाण सर्वात वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. आणि फरक फक्त वरचे-खालचे असा नव्हता, प्रत्येक पायरीला थोडा थोडा होता. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही हृदयविकारातला निम्म्याहून जास्त फरक उरलाच. त्यावर पुढे आयुष्यभर काम करणारे मायकेल मार्मट यांनी २०१० च्या अहवालात जे तत्त्व मांडलं ते तुमच्या 'लाडां'च्या मुद्द्याला थेट उत्तर आहे: सेवा सगळ्यांना द्या, पण जिथे गरज जास्त तिथे जोर जास्त. फक्त गरिबांसाठी वेगळी योजना काढली की ती हळूहळू गरीबच होते, कारण बोलणारा वर्ग ती वापरत नाही.

तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवूनच लिहिते. त्यांची शिस्त खरी होती. पण एम्प्रेस ही काही साधी मिल नव्हती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या या मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली, कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. ठरलेली पाळी, ठरलेल्या तारखेला पगार, म्हातारपणाची सोय. अशा जमिनीवर शिस्त रुजते. कळमन्यातल्या माणसाला उद्या काम आहे की नाही हे उद्या सकाळी कळतं.

लांब कशाला, गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे आयांना स्वच्छतेचे धडे देऊन काम थांबवलं नाही. गावातल्याच बायांना शिकवलं, नवजात बाळाच्या घरी पाठवलं, जंतुसंसर्ग झाला तर तिथेच औषध द्यायला लावलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. आया त्याच होत्या, गरिबीही तीच. आज आशाताई नवजात बाळाच्या घरी जातात, त्यामागे हेच काम आहे.

तंबाखूवर कर वाढवला तर गरिबालाच फटका, हे तुमचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. जो सोडत नाही त्याच्या घरात धान्य कमी येतं. भाव वाढला की सोडणाऱ्यांत गरीबच जास्त असतात हेही तितकंच खरं. म्हणून करासोबत सोडवणारी सेवा हवी, संध्याकाळची, मार्केटच्या आवारात. पालिकेचा पैसा कुठे जावा हे तुम्ही सांगितलंत, आता माझं ऐका. आधी टँकरवरच्या ले-आउटना नळ, मग ही संध्याकाळची ओपीडी, मग पत्रकं.

आणि एक काम तुमच्यासारख्यांनाच जमण्यासारखं आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. ज्या शाळेत तुम्ही शिकवलं तिच्या फाटकापासून पहिला ठेला किती अंतरावर आहे ते एकदा मोजून इथेच लिहा. आत निघाला तर मुख्याध्यापकांच्या सहीने तक्रार करू, मसुदा मी करून देते.